चित्रीकरणाच्या सेटवरची भाषा नवख्याने कशी शिकावी

माझ्या पहिल्या मालिकेच्या सेटवर, दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, कॅमेऱ्याजवळून आवाज आला, ‘अरे, तू जरा सजेशन दे.’ दृश्यातले दुसरे कलाकार कपडे बदलायला गेले होते आणि मी नेमका मोकळा उभा होतो. आपले मत विचारले जात आहे असे समजून मी त्या प्रसंगाविषयी माझे म्हणणे मांडायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांनंतर आजूबाजूला हशा पिकला. मुंबईच्या सेटवर सजेशन म्हणजे वेगळीच गोष्ट असते. एका पात्राच्या चेहऱ्यावर कॅमेरा असताना फ्रेमच्या कडेला समोरच्या माणसाचा खांदा किंवा डोक्याची मागची बाजू दिसते. त्या जागी पाठ करून उभे राहणे, याला सजेशन देणे म्हणतात. मला बोलायचे नव्हते, फक्त उभे राहायचे होते.

सेटवरची परिभाषा शिकताना हाच धडा धरून चालावे. तिथला जवळजवळ प्रत्येक शब्द कुणाला तरी दिलेली सूचना असतो. तो उच्चारला गेला की कुणीतरी हलते, थांबते, काहीतरी उचलते किंवा गप्प होते. त्यामुळे शब्दांची यादी पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. शब्द ऐकल्यावर आपल्या हातापायांनी काय करायचे, हे ज्याला कळले त्याला तो शब्द आला असे समजावे. खिशात मावेल अशी एक वही ठेवावी आणि नवा शब्द कानावर पडला की तो कोण म्हणाले, कोणाला म्हणाले आणि त्यानंतर काय हलले, एवढेच टिपावे. अर्थाची जागा संध्याकाळपर्यंत कोरी ठेवावी. या तीन नोंदी नीट असतील तर निम्म्याहून अधिक शब्दांचा अर्थ कुणालाही न विचारता उलगडतो आणि उरलेल्यांविषयी नेमका प्रश्न विचारता येतो.

सेटवर जाण्यापूर्वी

पहिला अभ्यास घरीच होतो आणि त्याचे साधन म्हणजे कॉल शीट. आदल्या संध्याकाळी किंवा रात्री येणाऱ्या या कागदावर दुसऱ्या दिवशीची दृश्ये, ठिकाण, कलाकारांच्या येण्याच्या वेळा आणि लागणारे सामान लिहिलेले असते. दृश्याच्या मथळ्यात ‘इंट’ असेल तर ते बंदिस्त जागेतले आणि ‘एक्स्ट’ असेल तर उघड्यावरचे असते. पुढे डे किंवा नाइट लिहिलेले असते, आणि ही वेळ कथेतली असते, घड्याळातली नव्हे. खिडक्यांवर काळे कापड लावून भर दुपारी नाइट सीन घेतला जातो, हे लक्षात न आल्याने पुष्कळ नवखे कॉल शीट चुकीची वाचतात. चित्रपटाच्या वेळापत्रकात दृश्याची लांबी पानाच्या आठव्या भागांत मोजण्याची पद्धत आहे. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, या अंदाजावर ती उभी आहे. दिवसभराची दृश्ये एकेका ओळीत मांडलेल्या कागदाला वन लायनर म्हणतात. हे दोन्ही कागद हाती आले की त्यांतील प्रत्येक संक्षेप उलगडून पाहावा, कारण सकाळी सहा वाजता त्यांविषयी विचारायला कुणालाही सवड नसते.

या सगळ्यात मराठी शब्द इतके कमी कसे, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. दिग्दर्शक, संकलन, छायाचित्रण हे शब्द आपण श्रेयनामावलीत अभिमानाने वाचतो. सेटवर मात्र डिरेक्टर, एडिट आणि डीओपी (डिरेक्टर ऑफ फोटोग्राफी) चालतात. 1912 साली दादासाहेब फाळके लंडनला गेले आणि विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. यंत्र जिथून आले तिथलेच शब्दही त्याच्याबरोबर आले, आणि मुंबईत अनेक प्रांतांचे लोक एका सेटवर राबू लागल्यावर त्यांवर हिंदीचा साज चढला. मराठी मालिकेच्या सेटवरसुद्धा दिवे लावणाऱ्यांशी होणारे बोलणे बव्हंशी हिंदीत होते. शुद्ध मराठी प्रतिशब्द वापरण्याचा आग्रह लेखनात जरूर धरावा. कॅमेऱ्याची ट्रॉली ढकलणाऱ्या माणसाला सूचना देताना तो धरला तर ट्रॉली जागची हलणार नाही.

एका टेकच्या आत

सगळी परिभाषा एकाच वेळी शिकण्याऐवजी एक टेक, म्हणजे चित्रीकरणाचा एक प्रयत्न, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावा. कॅमेरा आणि दिवे तयार झाले की पहिला सहायक दिग्दर्शक, ज्याला फर्स्ट एडी म्हणतात, फायनल टच मागतो. मग मेकअप आणि केशभूषा करणारी मंडळी क्षणभर फ्रेममध्ये जाऊन कलाकारांचे चेहरे आणि केस सारखे करतात. त्यानंतर सायलेन्स पुकारला जातो. प्रत्यक्ष सेटवरचाच आवाज अंतिम चित्रपटात वापरायचा असेल, म्हणजे सिंक साउंड असेल, तर याच वेळी पंखे आणि एसी बंद होतात. आपण त्या वेळी जिथे असू तिथेच थांबायचे असते. चपलेचा आवाज, चहाच्या कपाचा आवाज, खिशातल्या फोनची थरथर, सगळे काही ध्वनिमुद्रकाच्या कानात जाते.

मग ‘रोल साउंड’ असे म्हटले जाते आणि ध्वनिमुद्रक ‘स्पीड’ किंवा ‘रोलिंग’ असे उत्तर देतो. स्पीड हा शब्द फितीच्या काळातला आहे. यंत्राची मोटर ठरलेल्या वेगाला पोहोचली, असे तो सांगत असे. आज फीत नाही, मोटर नाही, शब्द मात्र टिकून आहे. त्यानंतर ‘रोल कॅमेरा’ होते. आवाज आधी आणि कॅमेरा नंतर हा क्रमही त्याच काळाची आठवण आहे, कारण कॅमेऱ्यातली फिल्म ध्वनीच्या फितीपेक्षा कितीतरी महाग होती आणि ती एक सेकंदही उगाच पळू देणे परवडत नसे.

आता क्लॅप, म्हणजे कॅमेऱ्यासमोर धरून वाजवायची फळी. बहुतेक नवख्या सहायकांच्या हाती पहिले काम हेच येते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. फळीवर सीन, शॉट आणि टेक यांचे आकडे असतात. सीन म्हणजे पटकथेतले दृश्य; शॉट म्हणजे त्या दृश्यासाठी कॅमेऱ्याची एक मांडणी; टेक म्हणजे त्याच मांडणीचा एक प्रयत्न. कॅमेऱ्याची जागा किंवा लेन्स बदलली की शॉटचा आकडा पुढे जातो आणि टेक पुन्हा 1 पासून सुरू होतो. फळी फ्रेमच्या आत, कलाकाराच्या चेहऱ्याच्या जवळपास धरावी म्हणजे ती फोकसमध्ये येते. आकडे स्पष्ट वाचावेत, क्षणभर थांबावे, एकदाच वाजवावे आणि कॅमेऱ्यासमोरून ठरलेल्या बाजूने लगेच बाहेर पडावे. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चित्रित होतो; फळीची दोन लाकडे ज्या चौकटीत एकमेकांना भिडतात ती चौकट आणि ध्वनीतला तो ‘टक्’ जुळवले की पूर्ण टेकचे चित्र आणि आवाज जुळतात. म्हणूनच वाजवताना फळी हलवू नये आणि बोलता बोलता वाजवू नये. क्लोजअप असेल तर फळी कलाकाराच्या कानापासून वीतभर अंतरावर असते; तिथे ती हळू वाजवावी, याला सॉफ्ट क्लॅप म्हणतात. सुरुवातीला क्लॅप देणे शक्य नसेल, उदाहरणार्थ लहान मूल किंवा जनावर दचकण्याची भीती असेल, तर टेक संपल्यावर फळी उलटी धरून एंड क्लॅप दिला जातो. अशा वेळी ‘कट’ होण्याआधी ‘एंड क्लॅप’ असे मोठ्याने सांगण्याची आठवण ठेवावी, नाहीतर कॅमेरा बंद होतो आणि संकलकाला दिवसभर ओठ पाहून आवाज जुळवत बसावे लागते.

‘ॲक्शन’ आणि ‘कट’ यांच्यात, एंड क्लॅपची आठवण करून देणे सोडले तर, नवख्याने काहीही करू नये, आणि ‘कट’ हा शब्द दिग्दर्शकाशिवाय कुणीही उच्चारू नये. फ्रेममध्ये माईक उतरला किंवा मागून कुणी चालत गेले, तरी ते कटनंतरच सांगावे. मात्र कुणाला इजा होण्याचा धोका दिसला, दिवा कलंडत असला, वायरीतून धूर येत असला, तर हा नियम तिथल्या तिथे मोडावा आणि ओरडावे. कटनंतर पुढचा शब्द ऐकेपर्यंत जागा सोडू नये. ‘ओके’ म्हटले तर पुढच्या शॉटची तयारी सुरू होते, ‘वन मोर’ म्हटले तर सगळे पुन्हा पहिल्या जागी जातात, आणि ‘एनजी’ म्हणजे तो टेक कामाचा नाही. हे शेरे कंटिन्युइटी शीटवर, म्हणजे प्रत्येक टेकची नोंद ठेवण्याच्या कागदावर, त्या त्या टेकपुढे लिहिले जातात.

फ्रेम, फील्ड आणि लुक

कॅमेऱ्याच्या भाषेत नवख्याला सगळ्यात आधी लागणारा शब्द म्हणजे फील्ड. लेन्सला जेवढा प्रदेश दिसतो तेवढे फील्ड, आणि ‘फील्ड में कौन है?’ असा आवाज आला की तो बहुतेक वेळा आपल्याच नावाने असतो. बाहेर पडताना पाहायचे ते लेन्सकडे. लेन्स दिसत असेल तर आपणही तिला दिसतो आहोत. पुष्कळदा गोंधळ दिशांवरून होतो. कॅमेरा लेफ्ट आणि कॅमेरा राइट या दिशा लेन्सच्या मागे उभे राहून पाहिल्यावर दिसतात तशा धरायच्या असतात, म्हणजे कॅमेऱ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाच्या बरोबर उलट. पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धांतून आलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना हे हमखास अडते, कारण रंगमंचावरचे डावे-उजवे नटाच्या बाजूने मोजले जाते. पहिले काही दिवस दिशा ऐकल्यावर मनातल्या मनात कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभे राहावे आणि मगच हलावे.

शॉटच्या आकारांची नावे सोपी आहेत: लाँग, मिड, क्लोज, टाइट क्लोज. मास्टर म्हणजे संपूर्ण प्रसंग एका रुंद मांडणीत सलग घेणे. त्यानंतर एकाच्या बाजूने घेतलेला शॉट आणि दुसऱ्याच्या बाजूने घेतलेला त्याचा काउंटर घेतला जातो. हातातली चिठ्ठी, दारावरची कडी असल्या गोष्टींच्या स्वतंत्र जवळच्या शॉटला इन्सर्ट म्हणतात. लुक म्हणजे कलाकाराची नजर लेन्सच्या कोणत्या बाजूला जाते ते. काउंटरमध्ये लुक चुकला, तर पडद्यावर दोन माणसे एकमेकांशी बोलण्याऐवजी दोघेही एकाच भिंतीकडे पाहून बोलत असल्यासारखी वाटतात.

हे वाचून कळत नाही, करून कळते. घरात दोन खुर्च्या समोरासमोर ठेवाव्यात, दोन मित्रांना बसवावे आणि मोबाइलने त्यांचे मिनिटभराचे बोलणे चार वेळा चित्रित करावे: एकदा मास्टर, एकदा पहिल्याच्या खांद्यावरून, एकदा दुसऱ्याच्या खांद्यावरून, आणि एकदा दोघांचे क्लोज. दोघांना जोडणारी एक सरळ रेषा जमिनीवर खडूने आखावी, हीच ॲक्सिस. चारही वेळा मोबाइल या रेषेच्या एकाच बाजूला ठेवावा. नंतर मुद्दाम रेषा ओलांडून एक क्लोज घ्यावा आणि सगळे तुकडे जोडून पाहावेत. ‘लाइन क्रॉस होत आहे’ ही तक्रार सेटवर इतक्या वेळा का ऐकू येते, हे त्या एका चुकीच्या तुकड्यावरून कायमचे लक्षात राहते.

चीट हा शब्दही इथेच शिकावा. टेबल प्रत्यक्षात मास्टरमध्ये होते तिथून हातभर सरकवले, पण क्लोजमध्ये ते पूर्वीच्याच जागी असल्याचा भास होत असेल, तर त्याला चीट करणे म्हणतात. ‘थोडं राइट चीट कर’ असे कुणी म्हणाले तर त्यात नैतिक अडचण काही नाही. कॅमेऱ्याच्या उजवीकडे किंचित सरकायचे आहे, एवढेच. पण काय सरकवले ते लिहून ठेवावे, कारण पुढच्या मास्टरला सगळे परत जागेवर लागते.

एकच शब्द, दोन वाटा

खरी अडचण अनोळखी शब्दांची नसते. ती ओळखीच्या शब्दांची असते. लुक म्हणजे नजरेची दिशा हे वर आलेच, पण वेशभूषेच्या खोलीत लुक म्हणजे पात्राचा पेहराव आणि चेहरा, आणि लुक टेस्टमध्ये तोच अर्थ असतो. मास्टर म्हणजे रुंद शॉट, आणि मास्टरजी म्हणजे नृत्य किंवा मारामारी बसवणारी व्यक्ती. ट्रॅक म्हणजे ट्रॉलीचे रूळ, ध्वनीची एक पट्टी, आणि मालिकेच्या लेखकांच्या बैठकीत कथानकाचा एक धागा. ‘सासूचा ट्रॅक संपला’ असे ऐकून कुणी रूळ गोळा करायला धावू नये. शिफ्ट म्हणजे कामाचे ठरलेले तास, आणि ‘युनिट शिफ्ट होतंय’ म्हणजे सगळा लवाजमा दुसऱ्या जागी निघाला आहे. प्रॉपर्टी म्हणजे जमीनजुमला नसून दृश्यात वापरायच्या वस्तू. त्यांतली जी वस्तू कलाकार प्रत्यक्ष हाताळणार असतो ती ॲक्शन प्रॉप. सेटिंग म्हणजे मांडणी नव्हे तर फर्निचर हलवणाऱ्या, खिळे ठोकणाऱ्या माणसांचा विभाग. पासिंग म्हणजे पार्श्वभूमीतून ज्युनियर आर्टिस्टांचे येणेजाणे. चेंज म्हणजे कपडे बदलणे. कलाकाराचे किती चेंज आहेत यावर दिवसाचे वेळापत्रक ठरते.

अशा शब्दांसाठी वहीत वेगळे पान ठेवावे आणि अर्थ ठरवताना तो शब्द कोणत्या विभागाच्या तोंडून आला ते पाहावे. बोलणारा कोण हे कळले की संदिग्धता उरतच नाही.

दिवे आणि दादा

प्रकाशाच्या सामानाची नावे सगळीच पाठ करायची गरज नाही. सहायक दिग्दर्शकाला ती ओळखता आली की पुरे. बेबी म्हणजे एक किलोवॅटचा छोटा दिवा, कटर म्हणजे प्रकाश अडवणारे चौकटीवरचे काळे कापड, स्किमर म्हणजे कडक ऊन मऊ करण्यासाठी चौकटीवर ताणलेले पांढरे कापड, आणि थर्मोकोल म्हणजे थर्मोकोलच, प्रकाश परतवून चेहऱ्यावर टाकण्यासाठी वापरलेला पांढरा तक्ता. ब्लॉक लेन्स म्हणजे झूम नसलेली, एकाच मापाची लेन्स. तिची नावे 35, 50, 85 अशा मिलिमीटरांच्या आकड्यांनीच घेतली जातात.

यांतले काहीही आपण होऊन उचलू नये, अगदी मदत म्हणूनही. प्रत्येक विभागाची माणसे, त्यांची संघटना आणि त्यांच्या कामाच्या सीमा ठरलेल्या आहेत. शिवाय तापलेला दिवा कुठे धरायचा आणि स्टँडवर वाळूची पिशवी कशी टाकायची हे त्यांनाच ठाऊक असते. खुर्ची हलवायची असेल तरी ‘सेटिंग दादा’ अशी हाक द्यावी. लाइट दादा, स्पॉट दादा, ड्रेस दादा, मेकअप दादा, हेअर करणाऱ्या ताई अशा हाका मुंबईत सर्रास चालतात. नाव ठाऊक नसताना नुसत्या कामाच्या नावाने ‘ए लाइट’ असे ओरडणे उद्धटपणाचे ठरते, आणि तसे ओरडणाऱ्याला दुसऱ्या दिवशीपासून सगळेच शब्द अवघड वाटू लागतात, कारण मग कुणी समजावून सांगत नाही.

शंका विचारण्याची योग्य वेळ म्हणजे लायटिंग चालू असतानाचा काळ. तेव्हा दिग्दर्शन विभागाला थोडी उसंत असते. ज्या विभागाचा शब्द असेल त्याच विभागातल्या सर्वांत कनिष्ठ माणसाला विचारावे. तो आनंदाने सांगतो आणि पुष्कळदा वस्तूच हातात दाखवतो. सूचना नीट कळली नसेल तर ‘हो’ म्हणू नये. ती आपल्या शब्दांत परत म्हणावी: ‘म्हणजे काकांची एंट्री डायलॉगनंतर, दारातून, बरोबर ना?’ वॉकीवर मात्र याउलट थोडक्यात बोलावे. बटण दाबून क्षणभर थांबावे, मग बोलावे, नाहीतर पहिला शब्द तुटतो. सूचना ऐकली आणि समजली याला ‘कॉपी’ म्हणतात. समजली नसताना कॉपी म्हणणे हा सेटवरचा सर्वांत महाग शब्द ठरू शकतो.

पॅकअप

पॅकअप हा शब्द ऐकून घाईने बॅग उचलू नये. ‘ताईंचा पॅकअप’ म्हणजे त्या एका कलाकाराचे त्या दिवसाचे काम संपले. बाकीच्यांचे चालूच असते. पूर्ण युनिटचा पॅकअप फर्स्ट एडी मोठ्याने पुकारतो. राहिलेले शॉट असतील तर त्यांना बॅलन्स म्हणतात, आणि पुढे कधीतरी केवळ राहिलेले तुकडे घेण्यासाठी ठेवलेल्या चित्रीकरणाला पॅचवर्क. दोन्हींची नोंद कंटिन्युइटी शीटवर करून ती वरिष्ठाच्या हाती द्यावी, कलाकार शेवटच्या शॉटला कोणत्या कपड्यांत, कोणत्या दागिन्यांत होते त्यांचे फोटो त्याच रात्री दृश्याच्या आकड्यांनिशी वेगळे करून ठेवावेत, क्लॅप पुसून आणि वॉकीची बॅटरी चार्जिंगला लावून जमा करावी, आणि दुसऱ्या दिवशीचा कॉल किती वाजता आहे हे विचारल्याशिवाय गेटबाहेर पडू नये.